रॅली रेड बाईक रेसरचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आला, डकारचे, म्हणजे सौदी अरेबियात होणाऱ्या या खेळातल्या सगळ्यात मोठ्या रॅलीचे, व्हिडिओ फिरायला लागले की तेच तेच प्रश्न यायला लागतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे, काही दोन ओळींत उरकलीत. क्रम काही खास नाही, हवा तो प्रश्न वाचा.

रॅली रेड म्हणजे नक्की काय? मोटोक्रॉससारखंच ना?

नाही. बाईक लांबून सारख्या दिसतात, एवढंच. मोटोक्रॉसला बंद ट्रॅक असतो, अर्धा-पाऊण तास त्याच उड्या, तीच वळणं, आणि सगळे एका गेटमधून एकदम सुटतात. रॅली रेडमध्ये रायडर एकेक करून, मध्ये अंतर ठेवून सोडतात, रस्ता कुणीच आधी पाहिलेला नसतो आणि दिवसाचा प्रवास कधी ४०० किलोमीटर तर कधी ८०० च्या पुढे. त्यातला जो भाग घड्याळ लावून पळवतात तो स्पेशल, आणि स्पेशलच्या सुरुवातीपर्यंत जायचा किंवा तिथून मुक्कामाला यायचा जो साधा रस्ता तो लिएझन. लिएझनवर वाहतुकीचे नियम पाळायचे, दिलेल्या वेळेत पोचायचं, तिथे लवकर गेलात म्हणून कुणी हार घालत नाही, उलट वेगमर्यादा मोडली तर पेनल्टी बसते. रोजच्या स्पेशलच्या वेळा अधिक पेनल्ट्या अशी बेरीज रॅलीभर चालते, डकारला दोन आठवडे, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला.

मग वर्षभर काय करतात? डकार तर दोनच आठवड्यांची असते.

हा प्रश्न चांगला आहे. २०२२ पासून वर्ल्ड रॅली रेड चॅम्पियनशिप आहे, बाईकवाल्यांची एफआयएम आणि कारवाल्यांची एफआयए अशा दोन्ही जागतिक संघटनांनी मिळून चालवलेली. डकार हा तिचा पहिला आणि सगळ्यात मोठा राउंड, मग अबू धाबी, मोरोक्को, पोर्तुगाल, कधी अर्जेंटिना, कधी मेक्सिको, कधी दक्षिण आफ्रिका, यादी दरवर्षी थोडी बदलते. वरचा वर्ग रॅली जीपी, त्याखाली रॅली टू. पहिल्या वर्षी सॅम सुंदरलँड चॅम्पियन झाला, मग लुसियानो बेनाविडेस, आणि २०२४ ला बोट्सवानाचा रॉस ब्रांच, हिरोच्या बाईकवर. त्याच वर्षी ब्रांच डकारला दुसरा आला होता.

पण स्पष्टच सांगायचं तर चॅम्पियनशिपची किंमत अजून डकारएवढी नाहीये. कंपनीला जाहिरात करायला डकार लागते, स्पॉन्सरला फोटो डकारचा लागतो, आणि रायडरचा पुढचा करार पण बहुतेक वेळा त्या दोन आठवड्यांवरच ठरतो. बाकीच्या रेस, टेस्टिंग, नॅव्हिगेशनचा सराव, जिम, सगळं जानेवारीकडे तोंड करून चाललेलं असतं. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, अकरा महिने चांगलं चालवणाऱ्याचा एक दगड चुकला आणि सगळं वर्ष गेलं, पण आहे हे असं आहे.

या खेळात लोक येतात कुठून? लहानपणापासून वाळवंटात चालवतात का?

फार थोडे. बहुतेक जण मोटोक्रॉस किंवा एंड्युरोतून, म्हणजे डोंगर-जंगलातल्या खडतर वाटांवरच्या लांब शर्यतींतून येतात आणि बरेचसे विशीच्या मधल्या-शेवटच्या टप्प्यावर रॅलीकडे वळतात. मातिआस वाल्कनर आधी मोटोक्रॉसच्या एमएक्स थ्री वर्गात वर्ल्ड चॅम्पियन होता, आद्रियाँ वान बेवेरेन फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या प्रचंड वाळूच्या शर्यतीतून आला, रिकी ब्रॅबेक अमेरिकेतल्या डेझर्ट रेसिंगमधून, टोबी प्राइस ऑस्ट्रेलियाच्या फिंक डेझर्ट रेसमधून. म्हणजे हात आधीच तयार होता, रॅलीत येऊन त्यांनी शिकलं काय तर वाचायला. हो, वाचायलाच, खाली रोडबुकचं उत्तर बघा.

आता वय खाली यायला लागलंय हे पण खरं. एडगर कॅनेटने २०२५ ची डकार रॅली टू वर्गात जिंकली तेव्हा तो फक्त १९ वर्षांचा होता. तरी एकोणीस हा अपवादच समजा. या खेळात चुका करून करून शहाणपण येतं आणि त्याला वर्षं लागतात.

रोडबुक रोडबुक म्हणतात ते काय असतं? जीपीएस असतं ना बाईकवर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून इथे जरा थांबतो.

जीपीएस असतं, पण तुमच्या फोनवर रस्ता दाखवतं तसलं नाही. ते आयोजकांचं यंत्र असतं, ते तुम्ही ठरलेल्या बिंदूंवरून गेलात की नाही ते तपासतं. रायडरला हातात काय मिळतं तर रोडबुक. पूर्वी तो कागदाचा लांब रोल असायचा, हँडलसमोरच्या डबीत मोटरवर फिरणारा, आदल्या संध्याकाळी मिळायचा आणि रायडर रात्री बसून वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी त्यावर खुणा करायचे. धोक्याला लाल, दिशेला दुसरा, असं प्रत्येकाचं आपापलं. सौदीत डकार गेल्यावर हा रोल सकाळी सुरुवातीच्या जरा आधी द्यायला लागले, कारण मोठ्या टीम्स रात्रभर माणसं बसवून उपग्रहाच्या फोटोंवरून रस्ता शोधून काढायच्या आणि एकटा आलेला रायडर तिथेच हरायचा. आता वरच्या वर्गातल्या रायडरांना टॅबलेटवरच येतं.

त्यात प्रत्येक ओळीला तीन गोष्टी: किती किलोमीटरवर, छोटंसं चित्र, आणि सूचना. चित्रात कच्चा रस्ता कुठे फुटतो, ओढा कुठे, टेकडी कुठल्या हाताला. सूचना सगळ्या फ्रेंच शब्दांच्या लघुरूपांत, डावीकडे उजवीकडे, मुख्य वाटेवरच राहा, वाट सोडून जा, आणि कॅप म्हणजे कंपासची डिग्री. धोक्याला उद्गारचिन्हं, एक असेल तर सांभाळून, दोन म्हणजे नीट वेग कमी करा, तीन म्हणजे खरंच जीव जाईल असं काहीतरी आहे. आता कल्पना करा, ताशी १२० ने उभं राहून दगडधोंड्यांतून चाललाय, धूळ आहे, नजर रस्त्यावर पाहिजे आणि तरी दर काही सेकंदांनी खाली बघून वाचायचंय, डाव्या अंगठ्याने पुढे सरकवायचंय, किलोमीटरचा आकडा चाक घसरल्यामुळे पुढेमागे झाला असेल तर तो जुळवून घ्यायचाय. आणि वाळूच्या समुद्रात चित्रात दाखवायला काही नसतंच, नुसता कॅप असतो, तो पकडून टेकड्यांवरून सरळ जायचं म्हणतात पण टेकडी सरळ जाऊ देत नाही.

ठरलेले बिंदू लपलेले असतात. बऱ्यापैकी जवळ गेलात की मगच यंत्रावर बाण उघडतो, आणि बिंदूच्या अगदी जवळून गेलं तरच तो नोंदला जातो. चुकला तर पेनल्टी, नाहीतर परत फिरून शोधा.

याने काय होतं याचं एकच उदाहरण पुरे. २०१८ ची डकार, तेव्हा ती दक्षिण अमेरिकेत व्हायची, बोलिव्हियातून अर्जेंटिनात उतरल्यावरची दहावी स्टेज, स्टेज म्हणजे एका दिवसाचा टप्पा. बारेडा, प्राइस, केविन बेनाविडेस असले लोक वाट चुकले, आघाडीवर असलेला वान बेवेरेन स्टेज संपायला थोडंच अंतर उरलं असताना पडला आणि बाहेर गेला. वाल्कनरने वाट बरोबर पकडली आणि एका दिवसात जवळपास ४० मिनिटांची आघाडी घेऊन बसला. डकार तिथेच जिंकली त्याने. त्या दिवशी सगळ्यात जोरात चालवणारा तोच होता असं मला नाही वाटत, त्याने फक्त नीट वाचलं.

स्टेज जिंकला की दुसऱ्या दिवशी तोटा होतो म्हणतात, हे काय उलटं गणित?

उलटंच आहे. आज जो पहिला तो उद्या सगळ्यात आधी सुटणार. त्याच्यापुढे टायरचे माग नाहीत, त्याला सगळं स्वतः शोधायचं. मागून येणाऱ्याला वाळूवर रेघ दिसते, समोरचा कुठे अडखळला कुठे वळला सगळं दिसतं, तो आरामात वेळ कमावतो. म्हणून आज जिंकला तो उद्या दहावा, परवा परत वर, असा झोका चालायचा, आणि काही हुशार लोक स्पेशल संपायच्या आधी मुद्दाम रेंगाळायचे म्हणजे उद्या चांगली जागा मिळते.

यावर अलीकडे बोनस आणलाय, पुढे राहून वाट काढणाऱ्यांना प्रत्येक किलोमीटरमागे सेकंद-दीड सेकंद असा वेळ परत मिळतो. त्याने मजा वाढली. तरी कुठल्या दिवशी कितवं यायचं हे रात्री टीम मॅनेजरबरोबर बसून ठरवणं अजूनही करिअरचा भाग आहे. नवीन पोरांना हे पचत नाही, ती रोज जिंकायला जातात.

बाईक कसली असते? शोरूममध्ये मिळते का?

२०११ पासून नियम जास्तीत जास्त ४५० सीसीचा आहे. त्याआधी मोठी इंजिनं असायची, एके काळी तर दोन सिलिंडरची ट्विनसुद्धा, सरळ रस्त्यावर प्रचंड वेग आणि पडलात तर उचलणं मुश्किल, म्हणून कमी केलं. आताची फॅक्टरी बाईक, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीमची, पेट्रोलशिवाय १४० किलोच्या आसपास, वर तीसेक लिटर पेट्रोल दोन-तीन टाक्यांत विभागून पुढे-मागे, समोर रोडबुकचा उभा टॉवर, हँडल झटके खाऊ नये म्हणून स्टिअरिंग डॅम्पर, आणि टायरमध्ये ट्यूबऐवजी मूस, म्हणजे फोमचं कडं, पंक्चर हा विषयच नाही. मूस फार तापला की वितळून चुरा होतो ही त्याची वेगळी कटकट.

अगदी फॅक्टरीवाली नाही मिळत, पण केटीएमसारख्या कंपन्या रॅलीची तयार प्रत मोजक्या संख्येत विकतात आणि खाजगी रायडर बहुतेक त्यावरच जातात. भरलेली टाकी घेऊन सकाळी सुटलेली बाईक आणि दुपारी टाकी रिकामी झालेली बाईक या दोन वेगळ्या गाड्या असतात, ब्रेक वेगळा लागतो, पुढचं चाक वेगळं वागतं, आणि रायडरला दिवसभर स्वतःला जुळवत बसावं लागतं. हे टीव्हीवर कधीच कळत नाही.

मध्येच बाईक बिघडली तर मेकॅनिक येतो का?

स्पेशलमध्ये नाही. स्वतः करायचं, नाहीतर दुसऱ्या रायडरने मदत केली तर. म्हणून अंगावर अवजारांची पिशवी, लिव्हर, तार, टेप असतं आणि चांगल्या टीम्स रायडरला वर्कशॉपमध्ये उभं करून क्लच, चाक, पंप स्वतः बदलायला लावतात.

वर मॅरेथॉन स्टेज म्हणून एक प्रकार आहे, त्यात एका रात्री टीमची मदतच बंद. २०२४ ला तर ४८ तासांची स्टेज आणली, दुपारी चार वाजता जिथे असाल त्याच्या पुढच्या थांब्यावर थांबायचं, तंबू आणि थोडं खाणं देतात, बाकी कुणी नाही, बाकीचे कुठे पोचलेत तेही कळत नाही. आणि आख्ख्या रॅलीत टायर मोजून देतात, इंजिन बदललं तर वेळेची पेनल्टी, त्यामुळे बाईक सांभाळून चालवणं हे पण कौशल्यच आहे.

एक दिवस कसा असतो?

पहाटे तीन-चारला उठा, अंधारात थंडीत शेकडो किलोमीटर लिएझन, मग स्पेशल चार-पाच तास, मध्ये पेट्रोलसाठी सक्तीचा थांबा. साधारण अडीचशे किलोमीटरला बाईकला पेट्रोल लागतंच, तिथे घड्याळ थांबवतात, आणि रायडर तेवढ्यात खातात, पाणी भरतात, कुणी डोळे मिटून बसतं. परत लिएझन. बिव्हॅकवर म्हणजे मुक्कामाच्या छावणीत पोचलात की मेकॅनिकला काय काय झालं ते सांगा, फिजिओ, जेवण, ब्रीफिंग, झोप. झोप चार-पाच तास मिळाली तर चैन. छावणीत रात्रभर जनरेटर आणि वेल्डिंग चालू, कानात बोळे घालून झोपायचं. असं दोन आठवडे, मध्ये एक विश्रांतीचा दिवस.

मागून येणाऱ्या हौशी रायडरचा दिवस याहून वाईट असतो, कारण तो पोचतोच रात्री आणि पहाटे परत उठायचं तर आहेच.

पैसे मिळतात का? की नुसता खर्च?

फॅक्टरी रायडरला पगार, बोनस, बाईक, मेकॅनिक, तिकीट, सगळं. पण असे रायडर जगात किती तर होंडा, केटीएम, हिरो, शेरको, पूर्वी हस्कवर्ना पण, असं मोजत गेलात तर अगदी मोजक्याच जागा, आणि कंपनीने एक वर्ष हात आखडता घेतला की त्याही कमी. बाकी सगळे स्वतःचे किंवा स्पॉन्सरचे पैसे लावून येतात. आणि खर्च दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, प्रवेश शुल्क हा एक आकडा झाला, वर बाईक, स्पेअर, मेकॅनिक, जहाजाने सामान पाठवणं, विमा, तयारीच्या रेस.

स्कायलर हाउझचं उदाहरण सगळे देतात आणि द्यायलाच पाहिजे. अमेरिकेतला हा रायडर, डकारला जायला स्वतःची गाडी-सामान विकून पैसे उभे केले, २०२० ला नववा आला, २०२१ ला पाचवा, मग हस्कवर्नाने फॅक्टरीत घेतलं आणि २०२३ ला तो तिसरा. गोष्ट छानच आहे, पण विकून गेले आणि तिसऱ्या दिवशी कॉलरबोन मोडून परत आले अशांच्या मुलाखती कुणी घेत नाही हे पण डोक्यात ठेवा.

ज्यांना टीमच परवडत नाही किंवा नकोच असते त्यांच्यासाठी वेगळा वर्ग आहे, जुनं नाव माल मोटो. एक पेटी, तंबू, चाकं, टायर एवढं सामान आयोजक पुढच्या मुक्कामाला नेऊन देतात, बाकी मेकॅनिक तुम्ही, मदतनीस तुम्ही, रडायला खांदा पण तुमचाच. रॅलीतले जुने लोक जिंकणाऱ्यापेक्षा यांना जास्त मानतात आणि मी पण त्याच बाजूचा आहे.

मोठ्या टीममध्ये सगळेच जिंकायला असतात का?

कागदावर हो. प्रत्यक्षात रॅलीच्या पहिल्या आठवड्यानंतर ज्याची बेरीज चांगली त्याच्यासाठी बाकीचे राबतात. त्याचं चाक गेलं तर आपलं काढून द्यायचं, त्याच्या मागेपुढे राहायचं. खूप चांगले रायडर आख्खं करिअर असं दुसऱ्याच्या मागे राहून काढतात, पगार बरा असतो, नाव नसतं. करार वाचताना हे नीट बघावं असं जुने रायडर सांगतात.

दुखापती किती होतात?

विचारू नका. मनगट, कॉलरबोन, बोटं, घोटे, बरगड्या हे तर नेहमीचं. टोबी प्राइसचं घ्या, २०१३ ला अमेरिकेत एका डेझर्ट रेसमध्ये मान मोडली, तीन मणके. दोन वर्षांत पहिल्यांदा डकारला गेला आणि थेट तिसरा आला, पुढच्या वर्षी, २०१६ ला जिंकला. २०१९ ला परत जिंकला तेव्हा मनगटाचं हाड मोडलेलं, ऑपरेशन ताजं, स्क्रू आत. रोज संध्याकाळी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्याच्याही आधीचा किस्सा म्हणजे ह्युबर्ट ऑरिओल, १९८७. आघाडीवर होता, शेवट अगदी तोंडावर, झाडाच्या बुंध्याला धडकून दोन्ही घोटे मोडले, तसाच बाईक चालवत स्टेज संपवली आणि तिथे रडत बसला, विजय सिरिल नेव्हूला गेला. लोक याला शौर्य म्हणतात. मला विचाराल तर मोडलेल्या हाडावर चालवणं तरुणांनी आदर्श म्हणून घेऊ नये, प्राइसला वाचवलं ते चांगल्या डॉक्टरांनी आणि थोडं नशिबाने.

तयारीत म्हणून जिमपेक्षा पण महत्त्वाचं काय तर तासन्‌तास उभं राहून चालवायची सवय, पोटऱ्या-पाठ-मान, आणि हाताचे स्नायू आखडून मूठ उघडत नाही तो जो प्रकार होतो तो टाळणं. मूठ हलकी धरायला शिका, असं प्रत्येक कोच पहिल्या दिवशी सांगतो.

जीव जातो का? खरं सांगा.

जातो. १२ जानेवारी २०२० ला पाउलो गोन्साल्व्हिस सौदीत सातव्या स्टेजला गेला. पोर्तुगालचा, ४० वर्षांचा, तेरावी डकार, २०१५ ला दुसरा आलेला, अतिशय लाडका माणूस. तो ज्या हिरोच्या टीमकडून चालवत होता तिने ती रॅली तिथेच सोडली आणि दुसऱ्या दिवशीची बाईकची स्टेज रद्द झाली. त्याच्यापाशी थांबलेल्यांत टोबी प्राइस होता. त्याच्या आधी २००५ ला फाब्रिझिओ मेओनी, दोनदा जिंकलेला. आणि नावं न गाजलेले हौशी रायडर पण आहेत यादीत. रॅली सुरू करणारा तिएरी सबीन स्वतः १९७७ ला बाईकवर लिबियाच्या वाळवंटात हरवून कसाबसा वाचला, त्यातून त्याला रॅलीची कल्पना सुचली, आणि १९८६ ला रॅली चालू असतानाच मालीमध्ये हेलिकॉप्टर पडून तो गेला.

सुरक्षेत खरोखर सुधारणा झालीय. २०२१ पासून डकारला एअरबॅगवालं जॅकेट सक्तीचं. बाईकवर उपग्रहाचं यंत्र असतं, जोरात आपटलं किंवा बराच वेळ हललं नाही की नियंत्रण कक्षाला इशारा जातो, हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर असतो. मागून कार येत असेल तर बाईकवर भोंगा वाजतो. आणि पडलेल्याजवळ थांबलात तर तो वेळ नंतर परत मिळतो, त्यामुळे थांबायचं की नाही हा प्रश्नच येत नाही, थांबायचं. तरीसुद्धा ताशी १०० च्या वर, न पाहिलेल्या जमिनीवर, थकलेल्या डोक्याने जाणं यातला धोका कुठलंही जॅकेट शून्य करू शकत नाही, आणि घरच्यांशी बोलताना हे झाकून ठेवू नये.

बायका आहेत का या खेळात?

आहेत, वेगळ्या ट्रॅकवर नाही, त्याच स्टेजला त्याच घड्याळावर. लाया सान्झ ट्रायल (अडथळ्यांवरून तोल सांभाळत बाईक न्यायचा प्रकार) आणि एंड्युरोची वर्ल्ड चॅम्पियन, २०११ ते २०२१ बाईकवर डकारला आली, प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पोचली आणि २०१५ ला सगळ्यांत मिळून नववी. प्रत्येक वेळी पोचणं हे मोठमोठ्या विजेत्यांना जमलेलं नाही. युटा क्लाइनश्मिटची सुरुवात पण बाईकवरच झाली होती, नंतर तिने २००१ ला कारमध्ये आख्खी डकार जिंकली.

डोपिंग टेस्ट असते?

असते. साधं सर्दीचं औषध पण टीमच्या डॉक्टरला विचारूनच.

एकदाही डकार न जिंकता करिअर चांगलं म्हणता येईल का?

जोआन बारेडा. स्पेनचा, २९ स्टेज जिंकल्या, बाईकवाल्यांमध्ये एवढ्या स्टेज फार कमी जणांनी जिंकल्यात. डकार शून्य. पोडियम पण नाही, पाचव्याच्या वर कधी नाही. एखादा दिवस असा पळवायचा की बाकीचे बघत राहायचे आणि मग पडणं, इंजिन, पेनल्टी, काहीतरी. चाहते आजही त्याच्यावर जीव टाकतात. दुसऱ्या टोकाला सिरिल देप्रे आणि मार्क कोमा, दोघांनी पाच-पाच जिंकल्या, २००५ ते २०१५ मध्ये जवळपास सगळं यांनीच वाटून घेतलं, आणि दोघांचं चालवणं बघायला तसं थंडच, जेवढं लागेल तेवढंच. टीम मॅनेजर कुणाला घेईल हे सांगायला नको. मी तिकीट काढून कुणाला बघायला जाईन हे पण सांगायला नको.

आणि फरक किती बारीक असू शकतो बघा, २०२३ ला केविन बेनाविडेस आणि टोबी प्राइस, ४४ तासांच्या वर चालवून झाल्यावर दोघांत ४३ सेकंदांचं अंतर. शेवटच्या दिवशी सकाळी प्राइस १२ सेकंदांनी पुढे होता.

किती वर्षं चालतं करिअर? नंतर काय?

रस्त्यावरच्या रेसिंगच्या मानाने लांब. देप्रे आणि कोमा दोघंही चाळिशी जवळ आलेली असताना शेवटचं जिंकले. प्रतिक्षिप्त क्रिया थोडी मंदावली तरी वाचन आणि डोकं वाढत जातं, म्हणून तिशी हा खरा काळ.

नंतर बरेच जण कारकडे जातात, चार चाकं, छप्पर, शेजारी वाचायला माणूस. स्तेफान पेतरान्सेलने बाईकवर सहा जिंकून कारमध्ये आणखी आठ जिंकल्या. ऑरिओल आणि नानी रोमा यांनी पण दोन्हीकडे जिंकून दाखवलं. टोबी प्राइस कारमध्ये गेला तेव्हा शेजारी नॅव्हिगेटर म्हणून बसला कोण तर सॅम सुंदरलँड, दोघं मिळून चार बाईक डकार एका गाडीत. कोमा निवृत्त होऊन आयोजकांकडे गेला, डकारचा स्पोर्टिंग डायरेक्टर झाला, आणि आताचा डायरेक्टर डेव्हिड कास्तेरा पण आधी बाईकवर डकार केलेला. बाकी कोचिंग, टीम मॅनेजर, टेस्ट रायडर. रोडबुक बनवणं पण एक काम आहे, जुना रायडर ते चांगलं करतो कारण कुठे माणूस चुकणार हे त्याला माहीत असतं.

मला डकारला नाव द्यायचंय, थेट देता येतं का?

नाही. आपल्या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेमार्फत लायसन्स लागतं, आणि आधी मान्यता असलेल्या क्रॉस कंट्री रॅलीत, म्हणजे अशाच एखाद्या रॅली रेडमध्ये, भाग घेऊन ती पूर्ण केलेली दाखवावी लागते, मग आयोजक अर्ज बघून ठरवतात. काही रॅल्यांना रोड टू डकार म्हणून योजना असते, ठरावीक अटीत बसणाऱ्या नवीन रायडरांमधला विजेता पुढच्या डकारला फुकट प्रवेश मिळवतो, बाकी खर्च त्याचाच.

म्हणून क्रम असा धरा: आधी एंड्युरोच्या रेस, सोबत एखादा साधा रोडबुक होल्डर आणि ट्रिपमीटर (अंतर मोजणारं यंत्र) बाईकला लावून मोकळ्या जागी हळू वेगात सराव, मग एक लहान दोन-तीन दिवसांची रॅली, मग मोरोक्कोसारखी पाच-सहा दिवसांची. लहान रॅलीत पहिल्यांदा कितवा आलो ते बघू नका, किती बिंदू चुकले ते मोजा, बिंदू चुकायचे थांबले की वेग वाढवायला घ्या. अर्जाच्या तारखा, नियम आणि सक्तीच्या सामानाची यादी दरवर्षी बदलते, तेव्हा ती त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच बघा, जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.